पाय कोणी धुवायचे? नेपाळच्या तराईतील एका सेवाफेरीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण दोन स्त्रियांचे आहे. एक इंदूरच्या मराठी भाषक ख्रिस्ती मंडळीतील निवृत्त परिचारिका, जिने आयुष्याचा मोठा काळ शासकीय रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया वॉर्डात घालवला. दुसरी नेपाळच्या तराईतील, म्हणजे दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातील, एक मैथिल (मैथिली बोलणारी) शेतकरी स्त्री, जिचा कुष्ठरोग औषधांनी केव्हाच बरा झाला होता, पण तळपायाची जखम भरत नव्हती. या दोघी तराईतील एका ख्रिस्ती रुग्णालयात जवळजवळ महिनाभर रोज सकाळी एकमेकींसमोर बसत असत. त्या काळात एक प्रसंग असा आला की ताईंसोबत इंदूरहून सेवेसाठी गेलेल्या गटातील काहींना तो संपूर्ण सेवाफेरीचे फलित वाटला, आणि परिचारिकेने मात्र त्याला नकार दिला. इंदुरात अशा फेऱ्यांच्या पूर्वतयारीचे वर्ग मी घेतो. परदेशात सेवेला गेल्यावर भेटणाऱ्या माणसांशी आपले नाते नेमके कशाचे असते, हे त्या नकाराइतके स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग माझ्या पाहण्यात नाही, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे. दोघींची संमती घेतली आहे. नावे, गाव आणि रुग्णालय यांचा उल्लेख त्यांच्याच इच्छेने टाळला आहे. परिचारिकेला आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सगळे ‘ताई’ म्हणतात, तेच येथे ठेवतो. दुसरीला नुसते ‘बाई’ म्हणतो.

इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला सेवाफेरीचा विचार करताना स्वतःच्या शहराचा इतिहास विसरता येत नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी 1877 मध्ये येथे आले. 1887 मध्ये क्रिश्चन कॉलेज सुरू झाले, आणि त्याच काळात कॅनडातून आलेल्या स्त्री डॉक्टरांनी येथील स्त्रियांसाठी दवाखाना चालवला. म्हणजे परक्या देशातून आलेल्या, आपली भाषा अडखळत बोलणाऱ्या माणसांच्या हातून उपचार घेणे म्हणजे काय, हे या शहराने रुग्णाच्या खाटेवरून पाहिलेले आहे. त्याच्याच जोडीला संशयाचाही इतिहास आहे. मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल 1956 मध्ये आला, धर्मस्वातंत्र्याचा राज्याचा कायदा 1968 मध्ये झाला, आणि धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात दिला. सेवा आणि आमिष यांतील रेषा कोठे आहे हा प्रश्न आमच्याकडे घरातल्या चहाच्या वेळीही निघतो. मला ही अडचण वाटत नाही. ज्यांना हा प्रश्न लहानपणापासून ऐकावा लागला, ते परदेशात अधिक जपून पाऊल टाकू शकतात.

नेपाळमध्ये तशी गरजही आहे. देश 1951 नंतर बाहेरच्यांसाठी उघडला आणि 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ या संस्थेला रुग्णालये चालवण्याची परवानगी मिळाली, ती धर्मप्रचार न करण्याच्या अटीवर. 2015 च्या संविधानातील अनुच्छेद 26 नुसार दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. 2017 च्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गुन्हेगार परदेशी असल्यास शिक्षेनंतर सात दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवले जाते. भारतीयांना नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही, बिहारमधील जयनगरहून नेपाळमधील जनकपूरला 2022 पासून पुन्हा सुरू झालेल्या रेल्वेने गेले तर सीमा ओलांडल्याचे जाणवतही नाही, आणि त्यामुळे आपण परदेशात आहोत याचा विसर सहज पडतो. पूर्वतयारीच्या वर्गात मी यावर जितका वेळ देतो तितका कशावरच देत नाही.

आता आजाराविषयी. कुष्ठरोग हा मज्जातंतूंचा आणि त्वचेचा जिवाणूजन्य आजार आहे, आणि 1980 च्या दशकापासून वापरात असलेल्या बहुविध औषधोपचाराने तो सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता अल्पावधीतच संपते. परंतु मज्जातंतूंची जी हानी आधी झालेली असते ती बहुधा परत भरून येत नाही. तळपायाची संवेदना गेलेली व्यक्ती खडा टोचला तरी चालत राहते, कारण तिला दुखत नाही. दाब पडत राहतो, त्वचेखाली ऊती फाटते, जखम होते, आणि त्या जखमेकडे पाहून गाव समजते की रोग अजून आहे. मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. वरोऱ्याचे आनंदवन, अमरावतीचे तपोवन, सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्रींच्या अंगाला मालिश करणारे गांधीजी, ही आपल्या सामाजिक स्मृतीतली माणसे आणि ठिकाणे आहेत. तरीही भारतात 2019 पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते, हेही त्याच समाजाचे वास्तव आहे.

बाईंची कथा याहून वेगळी नव्हती. बारा महिन्यांची औषधे त्यांनी पूर्ण केली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, जिथे पाऊल उचलताना सर्वाधिक भार येतो, तिथे जखम होती. ती भरायची, त्या घरी जायच्या, भाताच्या रोवणीत किंवा पाणी भरताना पुन्हा उघडायची. नवऱ्याने टाकले नव्हते, पण घरात त्यांची चूल वेगळी होती आणि मोठी जाऊ त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नव्हती.

गट पोहोचला तेव्हा रुग्णालयाने कामे आधीच ठरवून ठेवली होती. तरुणांनी वॉर्डाच्या भिंती रंगवल्या, कर्मचाऱ्यांच्या मुलांना गाणी शिकवली, शनिवारी तेथील मंडळीच्या उपासनेत भाग घेतला. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटी शनिवारची असल्याने उपासना त्या दिवशी होते. ताईंना ड्रेसिंगच्या खोलीत काम मिळाले. या खोलीतला दिनक्रम साधा आहे. रुग्ण लाकडी बाकावर ओळीने बसतात आणि साध्या पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या टबात अर्धा तास पाय बुडवतात. कोरडी, जाड झालेली त्वचा मऊ झाली की खरबरीत दगडाने ती घासून काढायची, जखमेच्या कडा साफ करायच्या, पाणी टिपून घ्यायचे, तेल किंवा व्हॅसलीन लावून ओलावा आत राखायचा आणि मग पट्टी बांधायची. औषधाचा भाग त्यात थोडा असतो. नियमितपणा आणि विश्रांती यांचाच भाग मोठा असतो.

पहिल्याच आठवड्यात गटातील एका तरुणाने ताईंना विनंती केली की त्या बाईंचे पाय धूत असताना एक छायाचित्र घेऊ द्यावे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या मनात कोरलेला असतो, आणि इंदूरला परतल्यावर मंडळीसमोर ठेवण्यासाठी याहून बोलके चित्र कोणते, असे त्याला प्रामाणिकपणे वाटले. ताईंनी नाही म्हटले. त्यांचे कारण संकोचाचे नव्हते. त्या म्हणाल्या की, ड्रेसिंगच्या प्रमुखाने त्यांना पहिल्या दिवशीच सांगितले आहे, येथे आपण पाय धुण्यासाठी बसलेलो नाही, रुग्णाला स्वतःचे पाय धुवायला शिकवण्यासाठी बसलो आहोत. ज्या दिवशी बाईंना ताईंची गरज राहणार नाही त्या दिवशी काम झाले असे समजायचे. म्हणून चौथ्या की पाचव्या दिवसापासून ताई दगड बाईंच्याच हातात देऊ लागल्या होत्या आणि स्वतः समोर बसून फक्त पाहत होत्या.

या एका गोष्टीवर मला थांबावेसे वाटते. सेवाफेरीला निघालेल्या माणसाच्या मनात सेवेची एक प्रतिमा तयार असते आणि तो ती पूर्ण करणारा माणूस शोधत असतो. शास्त्रातला प्रसंग इतका प्रबळ असतो की समोरच्या बाईचा पाय त्या प्रसंगातला पाय होऊन बसतो. ताईंच्या जागी दुसरे कोणी असते, तर महिनाभर रोज भक्तिभावाने बाईंचे पाय धुतले असते, आणि तो महिना संपल्यावर बाई आपले पाय कसे जपावेत हे न शिकताच घरी गेल्या असत्या. येशूने पाय धुतल्यावर शिष्यांना एकमेकांचे पाय धुवायला सांगितले आहे, हे खरे. पण ज्या पायाला वेदनाच कळत नाही, त्याची खरी सेवा त्या पायाच्या मालकिणीला सावध करण्यात आहे. ताईंनी प्रतिमा सोडली आणि माणूस धरला, असे मी या निर्णयाचे वर्णन करीन.

दगड हातात आल्यावर बाई बोलू लागल्या. दोघींची सामाईक भाषा हिंदी, तीही बाईंच्या बाजूने मोडकी. अडेल तिथे ड्रेसिंगमधली एक मैथिल मदतनीस मदत करी. बाईंनी ताईंना सांगितले की येथे शिकवतात ते घरी जमत नाही. पाणी हापशावरून आणावे लागते, आणि अर्धा तास अंगणात पाय भिजवत बसले की येणारे-जाणारे पाहतात. पाय लपवण्यात आयुष्य गेले, आता तोच चारचौघांत टबात घालून कसा बसायचा? ताईंना हे सुचले नसते. मग दोघींनी मिळून वेळ ठरवली. संध्याकाळी घरातले तांदूळ निवडण्याचे काम बाईंकडे असे, कारण ते स्वयंपाकघराबाहेर बसून करता येई. तेव्हा मागच्या ओट्यावर, मांडीवर सूप आणि खाली पाय टबात, अशी ती योजना होती. पुढे रुग्णालयाच्या स्वसेवा गटात, म्हणजे आपल्या जखमांची काळजी स्वतः घ्यायला शिकणाऱ्या रुग्णांच्या गटात, बाईंनीच ती इतर स्त्रियांना सांगितली.

कार्तिक लागला तशी बाईंची तगमग वाढली. मिथिलेत छठ हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. व्रत करणारी स्त्री निर्जळ उपवास धरते, षष्ठीच्या संध्याकाळी तळ्याच्या पाण्यात उभी राहून मावळत्या सूर्याला आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्याला बांबूच्या सुपातून अर्घ्य देते. नव्या चुलीवर केलेला ठेकुआ हा गोड पदार्थ आणि प्रसादाची सगळी सामग्री यांच्या सोवळ्याविषयी घरे फार काटेकोर असतात. इंदूरच्या तलावांवर बिहारी कुटुंबे हा सण करतात, त्यामुळे ताईंना तो पाहून ठाऊक होता. बाई आजारी पडल्यापासून घाटावर गेल्या नव्हत्या. जखम असलेली बाई तळ्याच्या पाण्यात उतरली तर पाणी विटाळेल, असे गावात म्हणत. या वर्षी जखम भरेल आणि आपण घाटावर उभ्या राहू, या आशेवर त्यांनी रुग्णालयातले आठवडे काढले होते. सणाला थोडेच दिवस उरले असताना जखम लहान झाली होती, पण भरली नव्हती.

त्या दिवशी बाईंनी ताईंचा हात धरून सांगितले, “दीदी, छठच्या आधी माझा पाय बरा करा. तो बरा झाला तर मी तुमच्या येशूला मानीन. तुम्ही म्हणाल ते करीन.”

संध्याकाळी गटाच्या बैठकीत ही गोष्ट आली. छायाचित्र मागणारा तरुण आणि आणखी एक-दोघे यांचे मत असे होते की हे दार देवाने उघडले आहे. बाईंसोबत प्रार्थना करावी, त्यांनी तोंडाने विश्वास कबूल करावा, बाकीचे तेथील मंडळीने पुढे पाहावे. त्यांच्या भावनेला मी कमी लेखत नाही. ज्या श्रद्धेने ती मुले आपली रजा आणि पैसा खर्च करून तिथवर गेली, तिच्या दृष्टीने यापेक्षा मोलाची गोष्ट दुसरी नसते. ताई मात्र म्हणाल्या, “ज्या बाईचा पाय माझ्या हातात आहे तिच्याकडून मी काहीच घेणार नाही. तिचा विश्वाससुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेथील पाळकसाहेबांना विचारले. ते स्वतः नेपाळी आणि त्याच भागातले. त्यांनी आधी कायदा सांगितला, आणि तो थोडक्यात सांगून संपवला, कारण त्यांच्या मते कायदा नसता तरी उत्तर हेच असते. खाटेवरच्या रुग्णाने असे म्हटले की त्याला दर वेळी एकच सांगायचे: उपचार तुमचाच आहे, तो मिळण्यासाठी काहीही द्यावे लागत नाही. घरी गेल्यावर, पायावर उभे राहिल्यावर, कोणाच्याही उपकाराखाली नसताना जर त्यांना चर्चमध्ये यावेसे वाटले तर दार उघडे आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी पाहुण्या गटाला सहसा दिसत नाही. पाहुणे काही आठवड्यांनी जातात. बाईंना आजारामुळे एकदा वेगळी चूल मिळाली आहे. श्रद्धा बदलली तर दुसऱ्यांदा मिळेल, आणि त्या वेळी तुम्ही इंदुरात असाल. हा भार उचलण्याचे ठरवायचे असेल तर ते बाईंनी, पूर्ण जाणतेपणाने, आणि येथे राहणाऱ्यांच्या सोबतीने ठरवावे. पाहुण्याच्या समाधानासाठी ते ठरू नये.

ताईंनी बाईंना सांगितले की जखम त्या कोणाला मानतात हे पाहून भरत नाही, विश्रांतीने भरते, आणि रुग्णालय त्यांच्यासाठी जे करते ते तसेच चालू राहील. बाई काही वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनी विचारले की मग प्रार्थनाही करणार नाही का? ताई म्हणाल्या, तुम्हाला हवी असेल तर करते. बाईंना हवी होती. ताईंनी हिंदीत, दोन-तीन वाक्यांत, पाय भरून यावा आणि घरच्यांची मने नरम व्हावीत अशी प्रार्थना केली. त्यावर बाई म्हणाल्या की त्या छठी मैयाकडे, म्हणजे छठच्या देवीकडे, ताईंच्या गुडघ्यासाठी मागतील, कारण बुटक्या स्टुलावर रोज बसून ताईंचा गुडघा सुजलेला त्यांनी पाहिला होता. ताई म्हणाल्या, “मागा.”

ताईंच्या या होकाराने गटातल्या काहींना बाईंचे वचन नाकारण्यापेक्षाही अधिक अस्वस्थ केले, आणि परतल्यावर आमच्या वर्गातही त्यावर बराच वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे. ताईंची श्रद्धा त्या एका शब्दाने डळमळली नाही. त्यांनी बाईंना देण्याची संधी दिली. सेवाफेरीत आपण सतत देणारे असतो, आणि सतत घेणाऱ्या माणसाशी झालेली भेट ही भेट कमी आणि वाटप अधिक असते. ज्या बाईच्या हातचे पाणी घरात कोणी घेत नव्हते तिची मंगलकामना ताईंनी घेतली. तिला धर्मशास्त्राच्या तराजूत तोलत बसणे त्यांना त्या क्षणी योग्य वाटले नाही, आणि मलाही वाटत नाही.

सणासाठी डॉक्टरांनी बाईंना सोडले, पण अटींसह: जखमेवरची पट्टी कोरडी राहिली पाहिजे, तळ्याच्या पाण्यात पाय घालायचा नाही, आणि सण संपताच परत यायचे. यामुळे बाईंचा हेतू अर्धाच साधणार होता. तेव्हा रुग्णालयाच्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने सुचवले की घरच्यांशी एकदा बोलावे. हा कार्यकर्ता हिंदू होता आणि काही वर्षांपूर्वी स्वतः याच आजाराचा उपचार घेऊन बरा झाला होता. त्याने ताईंना सोबत येण्यास सांगितले, मात्र गटातल्या इतर कोणाला नाही. पाहुण्यांची गर्दी दारात आली की गाव वेगळाच अर्थ लावते, हे त्याला माहीत होते.

तसेच झाले. अंगणात बसताच एका वृद्धाने विचारले, “धर्म बदलायला आलात का?” कार्यकर्ता म्हणाला, “मी तुमच्याच धर्माचा, ही बाई येशूची, आणि आम्ही पायाविषयी बोलायला आलो आहोत.” त्याने आपले स्वतःचे हात दाखवून आजार कसा बरा होतो, जखम आणि आजार यांत काय फरक आहे, हे मैथिलीत सांगितले. बाईंच्या सासूने ताईंकडे वळून थेट प्रश्न केला की तुम्ही रोज हिच्या पायाला हात लावता, तुम्हाला झाला का? ताईंनी दोन्ही हात पुढे केले. सासूने ते उलटून पालटून पाहिले. ताईंच्या म्हणण्याप्रमाणे, संपूर्ण फेरीत त्यांनी केलेले सर्वांत उपयोगी काम हेच होते, आणि त्यासाठी त्यांना एक शब्दही बोलावा लागला नाही.

घर एका दुपारीत बदलले नाही. जाऊबाईंनी प्रसादाच्या चुलीजवळ बाईंना येऊ दिले नाही, आणि हे त्यांनी पाहुण्यांसमोरच सांगितले. सासूने मात्र ठरवले की बाई घाटावर येतील, पाण्यात न उतरता पायरीवर बसतील आणि सूर्याला दूध वाहतील. गट तोपर्यंत परतीच्या प्रवासाला लागला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्याचा फोन आला की बाई दोन्ही वेळा घाटावर होत्या. आठवड्याभराने दुसरा फोन आला: चपलेचा पट्टा तुटला, बाई घाटावरून अनवाणी चालत आल्या आणि जखम पुन्हा उघडली. त्या रुग्णालयात परतल्या. जखम भरायला त्यानंतर बराच काळ लागला.

इंदूरला परतल्यावर मंडळीच्या सभेत गटाने साक्ष दिली, म्हणजे आपले अनुभव सांगितले. ताई बोलल्यानंतर पहिला प्रश्न आला तो हा, की त्या बाई पुढे विश्वासात आल्या का, म्हणजे ख्रिस्ती झाल्या का. ताईंनी उत्तर दिले की आपण विचारले नाही. काही जण नाराज झाले. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा त्या नाराजीत आहे. परदेशी फेरीसाठी मंडळीने वर्गणी काढलेली असते, आणि वर्गणी देणाऱ्याला काहीतरी घडल्याचे ऐकायचे असते. त्या अपेक्षेचे ओझे फेरीला गेलेल्या माणसावर असते, तो ते नकळत तिथल्या एखाद्या रुग्णावर, विद्यार्थ्यावर किंवा विधवेवर टाकतो, आणि मग भेटलेला माणूस आपल्या फेरीचा पुरावा होऊन बसतो. ताईंनी बाईंना पुरावा होऊ दिले नाही. बाईंच्या शब्दांत प्रामाणिकपणा नव्हता असे मी म्हणत नाही. पण हतबल माणूस जे वचन देतो ते त्याच्यावर बंधनकारक धरण्याचा हक्क समर्थाला नसतो, आणि त्या खोलीत समर्थ कोण होते याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. प्रवासावर झालेला खर्च थेट रुग्णालयाला पाठवला असता तर कितीतरी ड्रेसिंगचे सामान आले असते, असे मंडळीतील एका ज्येष्ठांनी म्हटले. भिंती रंगवणाऱ्यांच्या बाबतीत मला हे पटते. रंगारी तिथेही मिळतात आणि त्यांना रोजगाराची गरजही असते. ताईंच्या बाबतीत ते पटत नाही, कारण ड्रेसिंगच्या खोलीत हातांची खरोखर कमतरता होती, आणि ताईंचे हात त्या कामात मुरलेले होते. म्हणून आता आम्ही उलट्या बाजूने सुरुवात करतो. कोणाला जायचे आहे हे आधी ठरत नाही. यजमान संस्थेला कोणत्या कौशल्याचा माणूस हवा आहे हे पत्राने विचारतो, आणि तसा माणूस नसेल तर त्या वर्षी पैसेच पाठवतो. जाणाऱ्याने एकाच खोलीत, एकाच कामावर किमान तीन आठवडे राहायचे, आणि दर वर्षी नवा देश न शोधता त्याच ठिकाणी परत जायचे. रुग्णांची छायाचित्रे आता घेतली जात नाहीत. खाटेवर दिलेल्या कोणत्याही वचनाची बातमी इंदुरात सांगायची नाही, असेही ठरले आहे. हा शेवटचा नियम त्या छायाचित्र मागणाऱ्या तरुणानेच सुचवला, याचा मला मनापासून आनंद आहे.

या वर्षी रुग्णालयाने परिचारिका मागितलेली नाही. त्यांना चपला दुरुस्त करणारा माणूस हवा आहे. संवेदना गेलेल्या पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या खास चपला लागतात आणि त्यांचे पट्टे शेतातल्या वापरात लवकर तुटतात. आमच्या मंडळीतले एक काका आयुष्यभर पादत्राणांच्या धंद्यात आहेत, ते जाणार आहेत. या चपलांत खिळा चालत नाही, कारण तो वर आला तर पायाला कळत नाही. त्यामुळे सगळे जोड शिलाईने आणि चिकटवून करावे लागतात, आणि काका सध्या दुकान बंद झाल्यावर त्याचाच सराव करत आहेत.